काचेला धरून बसलेलं तेल

समुद्रातून तेल काढायच्या त्या प्लॅटफॉर्मवर केमिस्टबाईला सगळे वचकून असत. इथले मोठे साहेब तिचे सख्खे मामा होते म्हणून नव्हे, बाई मुळातच तिखट. वशिल्यानं लागली म्हणून कुणी कुजबुजलं की ती तोंडावर सांगायची, "लागले वशिल्यानं. टिकले कशानं ते विचार."

समुद्रतळाच्या विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. तेल कमी आणि त्याच्यासोबत वर येणारं पाणीच जास्त. मोठ्या टाकीत दोघांना निवांत बसू दिलं की तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी समुद्रात सोडता येतं. पण तेलाला वर यायला सवड लागते आणि कंपनीच्या वरच्या मंडळींना तेवढा धीर कुठला? त्यांनी प्रवाह वाढवायला लावला होता. सोडायच्या पाण्यात किती तेल उरलंय ते तपासायचं आणि जास्त असेल तर समुद्राकडची वाट बंद करायची, हे बाईचं काम.

सकाळचा नमुना नापास झाला. वाट बंद करण्याआधी खात्रीसाठी तिनं लगेच दुसरा आणला. मामा प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"नवा नमुना आणलायस ना? तो आधी दुसऱ्या बाटलीत ओत, मग तपास. पास होईल."

होणारच होता. तेल काचेला धरून बसतं. ओतलं की पाणी पुढे जातं, तेल मागेच राहतं. म्हणून तर रिकामी बाटली तेल विरघळवणाऱ्या द्रावकानं विसळून तेही तपासात धरायचं असतं. हे तिला कॉलेजात जाण्याआधीपासून ठाऊक होतं. वडील गेल्यावर मामांनी मायलेकींना घरी आणलं, तेव्हा स्वयंपाकघरातली तेलाची बरणी विसळता विसळता त्यांनीच दाखवलं होतं.

"मी नाही करणार, मामा."

"प्रवाह कमी केला तर वरचे मला फाडून खातील. खाल्ल्या मिठाला तरी जाग."

ते तिला लागलं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला रागच आला.

"जागतेय म्हणून बंद दाराआड ऐकून घेतेय. दुसरा कुणी असता तर दार सताड उघडलं असतं."

मामांनी स्वतःच बाटली उचलली, दुसरीत ओतली आणि रिकामी कचऱ्यात टाकायला वळले. ती आडवी उभी राहिली.

"टाका. फक्त तोंडानं म्हणा, बाटली विसळायची नसते. तुम्ही म्हणालात की मी गुपचूप ओतलेलं तपासते."

मामांचा कचऱ्याकडे गेलेला हात मागे आला.

"पुढच्या बोटीनं घरी जा," ते म्हणाले.

"जाते. बोट येईपर्यंत प्रयोगशाळा माझी आहे."

तिनं त्यांच्या हातातून बाटली घेतली, नीट विसळली, सगळं एकत्र करून तपासलं. नापास. तिनं समुद्राकडची वाट बंद केली. पंपांची घरघर हळूहळू खाली आली आणि थांबली.

लगेच फोन वाजला. पाणी कुणाच्या हुकमानं थांबवलं, असं वरचे साहेब ओरडून विचारत होते.

"मी थांबवलं," ती म्हणाली. "आमच्या साहेबांनी शिकवलंय तसं."

हे खरं का, असं पलीकडून येताच तिनं रिसीव्हर मामांच्या पुढे धरला.

"घ्या. खरं की खोटं, तुम्हालाच विचारतायत."