प्लाचिदाची बरणी

सिरोको वारा दोन दिवस घोंघावला की मेस्सिनाच्या सामुद्रधुनीचा तळ ढवळून निघतो आणि खोल अंधारातले मासे सकाळी वाळूवर येऊन पडतात. आम्ही संग्रहालयवाले बादल्या घेऊन धावतो, कारण मांजरं आमच्याआधी उठतात.

त्या सकाळी मला एक बोटभर मासा सापडला. तोंड लांबट, अंग अर्धवट काळं, हनुवटीखाली नुकती फुटलेली मिशी. कोणत्याच जातीत बसेना. नवी जात म्हणून मी मनात मांडे खाल्ले, नावसुद्धा ठरवलं.

मग क्ष-किरणाच्या छायाचित्रात मणके मोजले. ते दोन ओळखीच्या जातींइतकेच भरले. एक मिशीवाला काळा मासा, फार जुन्या नावाचा. दुसरा बिनमिशीचा, पारदर्शक. माझा मासा बरोबर दोघांच्या मधला. म्हणजे पारदर्शक मासा ही वेगळी जात नव्हतीच, ते काळ्याचं पोर होतं आणि माझ्या हातात होतं वयात येणारं पोर.

त्या पारदर्शक माशाला माझ्या गुरूंनी, प्रोफेसर लेत्तेरिओंनी, बायकोचं नाव दिलं होतं. त्यांनी आयुष्यात शोधलेली ही एकच जात. प्लाचिदाबाई जाऊन दोन वर्षं झाली. दर शुक्रवारी ते माझ्यासाठी कॉफीची बर्फाळ ग्रानिता घेऊन संग्रहालयात येतात आणि त्या माशाच्या बरणीसमोर बसतात. एकाच जातीला दोन नावं निघाली तर आमच्यात जुनं नाव टिकतं, नवं गळतं. मी हे छापलं की प्लाचिदा गळणार. म्हाताऱ्याच्या हयातीत गप्प बसावं, असं मी ठरवलं.

शुक्रवारी ते आले. मी उगाच बडबडत राहिले.

"ग्रानिता वितळतेय. काय लपवतेस, एर्सिलिया?"

मी सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची सोडली. त्यांनी सगळं पाहिलं, मणके शेपटीकडून पुन्हा मोजले. मला त्या माशाचा राग येत होता.

"मिशी फुटलीय," ते म्हणाले. "प्लाचिदा मला म्हणायची, शाळेतून स्वतःचं पोर ओळखून आणता येत नाही तुला."

"प्रोफेसर, हे नाही छापलं तरी कुणाचं काही अडत नाही."

"हे मी शिकवलं होतं तुला?"

मी मान खाली घातली.

"छाप. लग्नात तिनं माझं आडनाव लावलं नाही, आता तिच्यावर परक्याचं लावायची वेळ आणलीस." ते हसले आणि चष्मा पुसत बसले. मला फार वाईट वाटलं.

बरणीतली चिठ्ठी चुकीची ठरली तरी आम्ही ती काढत नाही, नवी शेजारी घालतो. त्यांनी पेन्सिलीनं स्वतः नवी लिहिली आणि आत सोडली.

पुढच्या शुक्रवारी ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. ते आले, नेहमीच्या फळीपाशी गेले आणि थांबले. तिथं बरणी नव्हती.

"कुठे ठेवलीस?"

मी पलीकडची फळी दाखवली. मोठ्या काळ्या माशांच्या बरण्यांमध्ये ती लहानशी बरणी उभी होती.

त्यांनी खुर्ची तिकडे ओढली. "बरं केलंस," ते म्हणाले. "इतकी वर्षं एकटीच होती."