गार इंजिनाचं जॉबकार्ड

तक्रार, ग्राहकाच्या शब्दांत: "तापमानाचा काटा तळाशीच. हीटरमधून गार वारा. पहाटे ड्यूटीला निघाले की काच धुकट होते. एका हाताने पुसते, एका हाताने चालवते."
ग्राहक: नर्सबाई. आमचं जुनं गिऱ्हाईक.

मालकांचं निदान: सेन्सर गेला.
(मालक म्हणजे माझे बाबा.)

माझं निदान: काटा खोटा असता तर हीटर तरी गरम आला असता. इंजिन खरंच गार आहे.

"गार आहे तर रडायचं काय त्यात? लोक उकळलेल्या गाड्या ढकलत आणतात."

"माणूस गार पडला तर अभिनंदन करता का, बाबा?"

नर्सबाई हसल्या. बाबा नाही.

"खोल मग. चुकलीस तर उद्यापासून पुढच्या काउंटरवर. बल्ब विकायचे. इंजिनाला हात लावायचा नाही."

"कबूल."

तपासणी: थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतलं दार. इंजिन तापेपर्यंत बंद, मग उघडतं. म्हणजे रेडिएटरचा वरचा पाइप सुरुवातीला गार राहायला हवा. गाडी चालू केली, पाइपावर हात ठेवला. लगेच कोमट व्हायला लागला. दार उघडं अडकलंय, मी म्हटलं.

चूक. माझीच, लिहून ठेवते. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर दार अडकलेलं नव्हतं. दारच नव्हतं.

बाबा पुसलेलेच पाने पुन्हा पुसू लागले.

"कुणी काढला?"

"मी. तीस वर्षं काढतोय. माझी एक गाडी उन्हाळ्यात उकळलेली दाखव." मग हळू आवाजात, "सेन्सर लिही. बाई समोर आहेत."

"नाही लिहिणार."

"पाटीवर नाव माझं आहे!"

"हातही तुमचाच होता."

कारण (कार्डावर जागा दोनच ओळींची): थर्मोस्टॅट आमच्या गॅरेजने काढला होता. गरज नसताना.

मोठ्याने वाचलं.

"म्हणजे दोन हिवाळे मी उगाच कुडकुडले?" नर्सबाई.

"हो."

बाबा छत बघत होते. छतावर काही नव्हतं.

काम: नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं, गाडी चालू केली. बाबा पाण्याची बादली घेऊन बॉनेटपाशी उभे, आग विझवायला आल्यासारखे.

"चढतोय! बघ, चढतोय!"

काटा मध्यावर आला.

थांबला.

नर्सबाईंनी हीटरसमोर दोन्ही तळवे धरले.

"थांबून थांबून किती वेळ थांबेल," बाबा म्हणाले. आम्ही तिघं बघत राहिलो. काटा जागचा हलला नाही.

"मग काउंटरवर कोण बसणार, बाबा?"

"तोंड सांभाळ."

"सांभाळते. आणखी कुणाकुणाचे काढलेत?"

बाबांनी बादली खाली ठेवली. मग बोटाने दारातली पांढरी गाडी दाखवली. मग तिच्यामागची. मग रस्त्यापलीकडची. बोट खाली येईना.

मी कोऱ्या कार्डांचा गठ्ठाच उचलला.