जबलचं गुलाबपाणी

“इथूनच दे,” मालनवहिनी उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या आणि कुंदाच्या हातातली बाटली त्यांनी काढून घेतली. “आत गौर मांडायची चाललीय. रंग असा तांबूस काय गं?”

“तिथलं असंच असतं, वहिनी.”

“वासही उग्र आहे.”

“शुद्ध आहे ना.”

“हां, शुद्ध म्हणजे उग्रच असणार. संध्याकाळी सगळ्यांना सांगते, डायरेक्ट ओमानहून आलंय! आणि डाळ चारपर्यंत पाठव हं. तुझ्या हातची चव कोणालाच नाही.”

कुंदा जिना उतरली. विक्रोळीतल्या या इमारतीत दोघी जावा राहत, थोरली वर आणि कुंदा खाली. शाळेत एकतीस वर्षं कारकुनी केलेली कुंदा दर चैत्रात हळदीकुंकवाची आंबेडाळ वाटायची. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान चंद्रप्रकाश गेले. डाळ वाटणं तिच्याकडेच राहिलं, बोलावणं तेवढं बंद झालं. पहिल्या वर्षी ती पातेलं घेऊन वर गेली, तर वहिनींनी दहा बायकांदेखत पातेलं आत घेतलं आणि तिला बाहेर ठेवलं. तो अपमान तिनं गिळला होता, पचवला मात्र नव्हता.

मागच्याच आठवड्यात तिच्या मुलीनं, मस्कतला नर्स असलेल्या अस्मितानं, तिला ओमानमधल्या जबल अखदर डोंगरावर नेलं होतं. अरबस्तान म्हणजे वाळू, एवढंच कुंदाला ठाऊक. तिथे सहा हजार फुटांवर शेतं निघाली! डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवर लसूण, डाळिंबं आणि जिकडेतिकडे गुलाब. दगडी पाटातून पाणी खळखळत होतं. काजळीनं काळ्या पडलेल्या भट्टीपाशी एक म्हातारी ओंजळीनं पाकळ्या भांड्यात सारत होती. तिनं कुंदाला जवळ बसवलं आणि जुन्या बाटलीतलं गुलाबपाणी तिच्या डोक्यावर, हातांवर भरभरून शिंपडलं. कपाळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तिचाही नवरा गेलाय,” अस्मिता हळूच म्हणाली.

कुंदाला रडू फुटलं. कुठली कोण ही म्हातारी, आणि कुठे ती सख्खी जाऊ! रडता रडताच तिला वहिनींचा संताप आला. भट्टीजवळच्या ताज्या बाटलीकडे तिनं बोट दाखवलं.

म्हातारी जोरजोरात मान हलवू लागली. अस्मितानं समजावलं, “आई, हे आजचंय. दीड महिना हलवायचं नाही म्हणतेय. काजळी खाली बसायच्या आत शिंपडलं तर कपड्यावर डाग पडतात, धुराचा वास जाता जात नाही. जुनं घे ना.”

“नको. मला हेच हवंय.”

डाळ मात्र तिनं आज नेहमीसारखीच मन लावून वाटली. अन्नावर कसला राग काढायचा? डाळ वर पाठवल्यावर ती ठेवणीतली रेशमी साडी नेसली आणि दार सताड उघडं टाकून बसली.

साडेपाचला वर गलका उठला. “अगं बाई, माझी पैठणी!” “शी, जळकट वास काय येतोय!” कुंदाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तीन वर्षांत ती इतकी मनापासून हसली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. मालनवहिनी दारात आल्या. मोतिया साडीवर खांद्यापासून तपकिरी ठिपके पडले होते.

“कुंदा, तुला माहीत होतं?”

“हो.”

“मुद्दाम केलंस?”

“मुद्दाम केलं.”

“अगं, एका शब्दानं सांगायचं ना! चारचौघींत माझी लाज गेली.”

“सांगितलं असतं की,” कुंदा उठली. “बाटली दीड महिना ठेवायची, मग हलक्या हातानं वरचं निवळ पाणी ओतून घ्यायचं. बसून सांगायची गोष्ट आहे, वहिनी. तुम्ही मला आत बोलावलंत कुठे?”

वहिनींनी कुंदाच्या साडीकडे पाहिलं, मग नजर खाली घातली आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या.

थोड्या वेळानं बायका उतरायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात कुंदानं वाटलेल्या डाळीचा द्रोण होता. कुणी पदर झटकत होती, कुणी नाक मुरडत होती. कुंदा दाराशी येऊन उभी राहिली. एकीनंही तिच्याकडे पाहिलं नाही. ती मात्र शेवटची बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत एकेकीच्या तोंडाकडे बघत तिथेच उभी होती.