मोक्रानच्या खांद्यावरची घोंगडी

मी एक जुनी पांढरी घोंगडी आहे. मला बाह्या नाहीत, मागे टोपी आहे आणि पुढे दोन्हीकडे पंखांसारखे सोगे आहेत. आमच्या अल्जेरियातल्या डोंगरात मला बुरनूस म्हणतात. मित्रांनो, लिहिणं-वाचणं मला येत नाही. पण खोटं बोलायलाही कुणी शिकवलं नाही, तेव्हा ऐका.

मला तासादितनं विणलं. सात मेंढ्यांची लोकर आणि अख्खा हिवाळा लागला. मागावरून मला कापून उतरवायच्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. तो क्षण पुरुषानं बघू नये, असं आमच्या बायका मानतात. तिनं माझ्यावर पाणी शिंपडलं, मला उतरवलं आणि मग मुलाला हाक मारली. मोक्रान तिचा एकुलता, दुसऱ्याच दिवशी फ्रान्सला मोटारींच्या कारखान्यात निघालेला.

"पांघर, अंथर, काय वाटेल ते कर," ती म्हणाली. "पण तुला लेक झाली की सासरी धाडताना तिला हिच्याच सोग्याखालून काढायची. मी नसले तरी तिथं असेन."

"आई, मला अजून बायको नाही."

"मिळेल. आंधळ्या पुष्कळ आहेत."

एवढं एक काम माझ्यावर सोपवलेलं. बाकी सगळं वरकड.

पॅरिसात आमच्या गावच्या बेलाईदचं कॅफे होतं. त्याच्या मागच्या खोलीत रविवारी मोक्रान नाटकं करायचा. बघायला कारखान्यातली आपलीच माणसं. मी तिथं राजा झाले, डोंगर झाले, एकदा मेंढीही झाले. मेंढीचं काम मला जड गेलं नाही, घरचंच होतं.

एकदा त्यानं लग्नाचं नाटक बसवलं. मला पडदा म्हणून टांगलेलं. आमच्याच नाटकमंडळीतली फरुजा नवरी झाली होती. ती बापाचा निरोप घेऊन तरातरा दाराबाहेर निघाली. तेवढ्यात मागून बेलाईद उठला.

"थांबा. ही पोरगी सासरी चाललीय की पळून?"

"बेलाईददादा, नाटक चाललंय," मोक्रान म्हणाला.

"ते दिसतंय. बापाची घोंगडी कुठंय?"

मोक्राननं मला दोरीवरून ओढलं, बाप झालेल्या नटाच्या खांद्यावर टाकलं, आणि फरुजा परत आत येऊन माझ्याखालून वाकून गेली. समोर बसलेल्या किती जणांच्या लेकी गावात काकांच्या, मामांच्या घोंगडीखालून गेल्या होत्या, कारण बाप इथं यंत्रापाशी उभा. ती दांडगी माणसं टोप्या तोंडावर धरून रडली. त्या दिवशी मोक्रान दिग्दर्शक झाला. त्याआधी तो नुसता ओरडायचा.

पुढं त्याला बायको मिळाली, लेक झाली, आणि सिनेमावाल्यांनीही बोलावलं. झाडूवाला, चोर, प्रेत अशी कामं. तासादितनं गावातून निरोप धाडला, "एवढ्या वेळा मरतोस, एकदा तरी जेवताना दिसत जा." मग त्यानं स्वतःचा सिनेमा काढला. त्यात आमची माणसं जेवत होती, भांडत होती, हसत होती. त्याचं नाव झालं. नाव झालं तसे सूट आले, आणि मी पेटीत गेले. तासादित वारली तेव्हाही मी पेटीतच होते. अकरा वर्षं ऊन पाहिलं नाही. कसर माझ्या अंगावर मेजवानी करत राहिली.

त्याची लेक ताउस हिचं लग्न ठरलं, तेव्हा पेटी उघडली. उजव्या सोग्याला ताटाएवढं भोक. मोक्रान मला मांडीवर घेऊन खाली बसला.

"कपडेपटातून नवी मागवतो," तो म्हणाला. "पांढरीशुभ्र. ही बघून वराकडचे हसतील."

ताउस म्हणाली, "मागवा की, बाबा. मग बापही कपडेपटातूनच आणा."

तिनं फरुजाकाकीला बोलावलं. फरुजा आता चष्मेवाली म्हातारी. तिनं मला उजेडात धरलं आणि मोक्रानकडे बघितलं.

"एवढा मोठा माणूस झालास. लोकर उन्हात टाकायची अक्कल मात्र आली नाही."

"चुकलं, फरुजा."

"मला नको सांगूस. या घोंगडीला सांग."

रंग जुळणारी लोकर बाजारात मिळेना. तेव्हा तिनं माझ्याच टोपीची कड उसवली आणि तासादितच्या हातच्याच धाग्यानं भोक रफू केलं. टोपी आखूड झाली. रफूही लपली नाही. असू दे. म्हातारपणी कुणाचं सगळं लपतं?

लग्नाच्या सकाळी मोक्रान मला पांघरून तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या दारात उभा राहिला आणि त्यानं उजवा हात वर केला. माझा रफू केलेला सोगा दारात छतासारखा पसरला. ताउस वाकून माझ्याखाली आली आणि तिथंच क्षणभर थांबली. रफूवर गाल टेकून हळूच म्हणाली, "आजी, येते हं." ते फक्त मला ऐकू आलं.

जिन्यात काठी टेकून म्हातारा बेलाईद उभा होता. तो म्हणाला, "आता बरोबर. आता कुणी म्हणणार नाही, पळून चालली म्हणून."

मित्रांनो, विणणारीचे, रफू करणारीचे, आणि चूक कबूल करणाऱ्या त्या नटाचेही माझ्यावर उपकार आहेत. आता मी दाराजवळच्या खुंटीवर असते. सकाळचं ऊन तिथं येतं, रविवारी नाटकाला जाते. तुमच्या घरीही कुणी माझ्यासारखी असेल. तिला जपायचं म्हणून पेटीत कोंडू नका. वापरा, उन्हात घाला, फाटली तर सांधा. ताउसला परवा मुलगी झाली. मला अजून काम आहे.