गुरुवारचे पाहुणे

प्रांतपाल येणार म्हटल्यावर गंधे वकिलांची झोप उडाली. शामकांत गंधे नगरच्या स्नेहसेवा क्लबाचे चिटणीस होते, आणि प्रांतपाल म्हणजे गावोगावच्या अशा सगळ्या क्लबांचे वरिष्ठ. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता स्टेशन रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये क्लबाची सभा भरे. आधी प्रार्थना, मग चहा-बटाटेवडे, मग एखाद्या विषयावर भाषण, आणि शेवटी आभार. सभासद बत्तीस, पण गेले दोन महिने हॉलमध्ये बारा-तेरा डोकीच दिसत. त्र्याहत्तर साल, फेब्रुवारी महिना. दुष्काळामुळे सगळेच बेजार होते आणि सभेला न येण्याचं कारण म्हणून प्रत्येकजण दुष्काळाचंच नाव सांगत होता.

प्रांतपालांना रिकाम्या खुर्च्या दाखवणं गंध्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला, “येत्या गुरुवारी प्रत्येकाने पाहुणे आणावेत.”

केडगावचा कानिफनाथ सातपुते स्वतः येऊन विचारून गेला. तो मोसंबीचा बागायतदार. क्लबात प्रत्येक धंद्याचा एक माणूस असावा म्हणून शेतकऱ्याच्या जागेवर त्याला वर्षापूर्वीच घेतलं होतं.

“पावने कसले आनायचे?” त्याने विचारलं.

“कसलेही. भले लोक असले म्हणजे झालं.”

“किती?”

“जितके आणाल तितके बरे.”

गुरुवारी पावणेसहाला हॉटेलच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली आणि तिच्यातून अकरा बायका उतरल्या. केडगावच्या पुढे पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. तिथे खडी फोडणाऱ्या या बायका. पाच वाजता काम सुटलं तशा त्या हातपाय धुऊन, पदर सारखे करून थेट ट्रॉलीत बसल्या होत्या. त्यांच्या पापण्यांवर अजून पांढरी धूळ होती.

गंधे जिन्यात आडवे आले. “कानिफनाथ, हे काय?”

“पावने. भले लोक हायेत. दिवसभर खडी फोडत्यात, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई.”

गंध्यांना बोलायला वेळच मिळाला नाही. प्रांतपालांची मोटार खाली लागली होती. बायका हॉलमध्ये गेल्या आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या दिसल्या म्हणून तिथेच बसल्या.

सभेत पाहुण्यांची ओळख करून देण्याचा प्रघात होता. कानिफनाथ उभा राहिला आणि त्याने एकेकीचं नाव सांगितलं. मनकर्णा, धंदा खडी फोडणं. गोजरबाई, धंदा खडी फोडणं. राहीबाई, धंदा खडी फोडणं, आणि बाकीच्यांवर देखरेख. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. आधी तुरळक, मग प्रांतपाल वाजवताहेत म्हटल्यावर जोरात.

प्रांतपाल पुण्याचे, बोलायला मोठे गोड. ते म्हणाले, या क्लबात कुणी डॉक्टर नाही, कुणी वकील नाही, कुणी साहेब नाही. इथे आपण एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतो. इथे कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. समोर बसलेल्या भगिनींकडे हात करून ते म्हणाले, “आज या क्लबाने ते नुसतं म्हटलं नाही, करून दाखवलं.” गंध्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तासाभरापूर्वी आपण याच भगिनींना मागच्या दाराने घालवायचं ठरवत होतो, हे ते विसरून गेले.

“कोणाला काही विचारायचं आहे?” प्रांतपालांनी विचारलं. हे विचारायचं असतं म्हणून विचारतात. कोणी काही विचारत नाही.

राहीबाई उभी राहिली. चाळिशीची, काटक बाई. खर्ड्याकडची, बैल घोडेगावच्या बाजारात विकून कामावर आलेली.

“हितं डोळ्याचं कोन बघतं?” तिने विचारलं.

“मार्तंड,” कानिफनाथने खिडकीजवळ बसलेल्या गृहस्थांकडे बोट केलं. डॉक्टर मार्तंड कुकडे शहरातले नावाजलेले नेत्रतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरसुद्धा त्यांच्याशी कुजबुजत बोले.

“मार्तंड,” राहीबाई म्हणाली, “खडी फोडताना कपच्या उडत्यात, त्या डोळ्यात जात्यात. ही माझी जाऊ, गोजरबाई. हिला तीन आठवडे झाले, डोळा उघडत न्हाई. दवाखान्यात गेलं तर रोज बुडतो. तुमीच उद्या आमच्याकडं येताल का?”

डॉक्टरांना नावाने हाक मारणारी त्यांची आईसुद्धा आता हयात नव्हती. ते काही बोलायच्या आत प्रांतपाल म्हणाले, “येतील. सकाळी मीही येतो.”

दुसऱ्या दिवशी दोन मोटारी पाझर तलावावर गेल्या. प्रांतपालांनी डॉक्टर एका बाईचा डोळा तपासताहेत असा फोटो काढवून घेतला आणि अर्ध्या तासात ते पुण्याला निघून गेले. डॉक्टर राहिले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी सात जणींच्या डोळ्यांतल्या कपच्या काढल्या. दोघींना दवाखान्यात यायला सांगितलं. गोजरबाईचा डोळा मात्र त्यांनी पुन्हापुन्हा पाहिला.

“दिसंल का?” राहीबाईने विचारलं.

“उशीर झाला. या डोळ्याने नाही दिसणार.”

“आधी आलो असतो तर?”

“पहिल्या आठवड्यात आला असतात तर वाचला असता.”

गोजरबाईने पदर डोळ्यावर घेतला आणि मुकादम बघतो आहे म्हणून हातोडा उचलला. ते तीन गुरुवार आपण कुठे होतो, याचा हिशेब डॉक्टरांना लावावा लागला नाही. चार-साडेचार मैलांवर, हॉलमध्ये. त्यातल्या एका गुरुवारी तर त्यांनी स्वतः ‘डोळ्यांची निगा’ या विषयावर भाषण केलं होतं, आणि ते छान झालं असं सगळे म्हणाले होते.

पुढच्या गुरुवारी काम सुटायच्या वेळी डॉक्टर पुन्हा तलावावर गेले. मग त्याच्या पुढच्याही. काम चालू असताना बायकांना उठवलं तर रोज बुडे, म्हणून पाच ते सात ही वेळ. शेजारच्या दोन कामांवरच्या बायकाही चालत येऊ लागल्या.

इकडे प्रांतपालांच्या अहवालात तो फोटो छापून आला. ‘बंधुभाव’ या सदरात क्लबाला पितळी ढाल मिळाली. गंध्यांनी ती हॉलमध्ये लावली आणि त्याच सभेत ठराव मांडला, की यापुढे पाहुणा आणायचा तर आठ दिवस आधी लेखी कळवावं. ठराव एकमताने झाला. कानिफनाथ त्या दिवशी आला नव्हता.

सलग चार सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सभासदत्व जातं, असा क्लबाचा नियम; म्हणून बाकीचे निदान चौथ्या सभेला तोंड दाखवून जात. डॉक्टरांचा चौथा गुरुवार भरला. गंधे नियमाचे पक्के, पण माणूस वाईट नव्हता. सभासदत्व गेल्याचं पत्र हातात द्यावं, दोन शब्द बोलावेत, म्हणून पाचव्या गुरुवारी सभेआधी ते स्कूटरवरून तलावावर गेले. चाळीसेक बायका रांगेत बसल्या होत्या. डॉक्टर एका दगडावर बसून एकीची पापणी उलटी करत होते.

“शामकांत, बरं झालं आलात. ही बॅटरी धरा. जरा वर. हलवू नका.”

गंध्यांनी बॅटरी धरली. सभेचे सहा वाजून गेले तरी रांग संपेपर्यंत धरून ठेवली. त्यांचा हात भरून आला. शेवटी गोजरबाई चांगला डोळा दाखवायला आली तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवेना.

“काय काम काढलं होतं?” डॉक्टरांनी हात पुसत विचारलं.

“काही नाही. सहज.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र टपालाने पाठवलं.

महिन्याभराने प्रांतपालांचं पत्र आलं: तुमच्या आदर्श सभासदाचे अनुभव सगळ्यांना ऐकवा, मी स्वतः येतो. गंध्यांनी कार्यकारिणी बोलावली. आदर्श सभासद आता सभासद राहिला नाही, हे प्रांतपालांना कळवायला कोणी तयार होईना. डॉक्टरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावं, आठ दिवस आधी लेखी, असं ठरलं.

डॉक्टरांचं उत्तर दोन ओळींचं होतं. बोलावल्याबद्दल आभारी आहे. गुरुवारी संध्याकाळी मला वेळ नसतो, दुसरा कोणताही वार चालेल.

गंध्यांनी ते सभेत वाचून दाखवलं. क्लबाची सभा गुरुवारीच भरते, वार बदलायचा तर घटना बदलावी लागेल, असं अध्यक्ष म्हणाले. यावर चर्चा लांबत गेली. कानिफनाथ मध्येच उठला. “गंधे, तलावावर येता का? माझी मोटरसायकल हाय खाली. त्याच वाटंनं चाललोय.”

गंध्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा वाजत होते. आभाराचं भाषण त्यांच्याकडे होतं. ते खुर्चीतून थोडे उठले, आणि मग पुढच्या विषयाचं नाव पुकारलं गेलं म्हणून खाली बसले.