चार वारांचा नमुना

१९५६च्या मे महिन्यात मुलुंडच्या एका मुलींच्या शाळेला शिवणकामाच्या बाई हव्या होत्या. मुलाखतीला येताना स्वतःच्या कल्पनेचं कापडकाम आणायचं होतं. घाटकोपरला राहणाऱ्या जानकीकडे कोरं कापड नव्हतं. निळी नऊवारी लुगडी होती, तीन. त्यातलं एक तिनं पसरलं आणि कात्री घेतली. पदराकडचे पाच वार नेसायला, उरलेले चार नमुन्याला.

तिचा नवरा सहदेव वारल्याला दोन वर्षं झाली होती. घरात ती आणि सासूबाई, दोघीच.

"पाचवारी नेसून ह्या दारातून जावचा नाय," सासूबाई म्हणाल्या.

"मला नेसायचीय, आई."

"मी मेल्यावर नेस."

पुढचा आठवडा दोघी कामापुरतंच बोलल्या. त्या चार वारांत शेगडीच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं होती, नळावरच्या खिळ्यानं गेलेली लांब चीर होती. जानकीनं ती झाकली नाहीत. प्रत्येक भोकाभोवती पांढऱ्या दोऱ्याची कडी घातली, चिरेवरून एक वेल नेली. मधोमध एक लाल ठिगळ होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा लावला होता. सगळ्या वेली तिथून निघत होत्या.

शनिवारी दुपारी सासूबाईंनी ते हातात घेतलं.

"ह्या माझा ठिगाळ ना गो?"

"हो."

"उसव ता. वाकडा आसा. शाळेतले बायका माका हसतले."

"मी नाही काढणार. त्याच्याभोवतीच सगळं मांडलंय."

सासूबाईंनी चष्मा शोधला. मग सुईत लाल दोरा ओवून मागितला. जुने टाके त्यांनी उसवले नाहीत. त्यांना लागून दुसरी ओळ घातली, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांची, सरळ.

"सोमवारी किती वाजता?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"अकराला."

सोमवारी जानकी पाचवारी नेसली. निऱ्या एका बाजूला लोंबत होत्या. जन्मात पाचवारी न नेसलेल्या सासूबाईंनी दारातच खाली बसून त्या खेचून सारख्या केल्या.

"पाय अडकतले गो."

"सवय होईल."

"विचारल्यानी तर सांग, ठिगाळ सासूचा."

"आधी वाकडं होतं, तेही सांगू?"

"ता सांगा नको," म्हणत सासूबाई दारातून बाजूला झाल्या.