निवारण झालेली तक्रार

तिने गुडघे टेकून वॉशिंग मशीनच्या दाराच्या कडेला जुना टॉवेल कोंबला आणि तोंड वळवून श्वास घेतला. काचेपलीकडचे पाणी आता पाण्यासारखे दिसतही नव्हते. त्यावर करड्या रंगाची साय धरली होती आणि सायीखाली तिचे दवाखान्याचे पांढरे कपडे लिबलिबीत होऊन एकमेकांना चिकटले होते. रबराच्या कडेतून ते पाणी झिरपत राही. टॉवेल भिजला की बादलीत पिळायचा, पुन्हा कोंबायचा. घरात हे काम तिच्याकडे आपोआपच आले. नवऱ्याला त्या वासाने ओकारी यायची आणि ती तर दवाखान्यात जखमा धुणारी नर्स. चिघळलेल्या पायांची, पू धरलेल्या टाक्यांची पट्टी बदलताना तिने कधी नाक मुरडले नव्हते. नव्या मुली तोंडाला रुमाल लावून बाहेर पळत, तेव्हा ती म्हणे, अगं, माणूस आहे ते, माणसाला वास यायचाच.

या पाण्याची मात्र तिला किळस येत होती, आणि का ते धड सांगता येत नव्हते.

मशीन ऐन धुण्यात बंद पडले होते. दार आतून कुलूपबंद, कपडे आत, पाणी आत. घेतानाच दुकानदाराने वाढीव विमा गळ्यात मारला होता. बिघाड झाला तर दुरुस्ती, महिन्याभरात दुरुस्ती झाली नाही तर नवे मशीन, सगळे घरपोच. अट एकच होती, कंपनीच्या माणसाशिवाय कुणी पेचकससुद्धा लावायचा नाही. कोपऱ्यावरचा फिटर येऊन पाहून गेला होता. खालची नळी सोडली की पाणी मोकळे, चुटकीसरशी होईल, असे त्याचे म्हणणे. नवऱ्याने त्याला चहा पाजून परत पाठवले. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि नियमांना घाबरायचा.

“आपण हात लावला, तर त्यांना आयतं कारण मिळेल,” तो म्हणाला.

त्याचे बरोबरच होते, आणि नेमके तेच तिला सहन होत नव्हते.

फोनवर सगळे मधाळ होते. दर वेळी आवाज नवा, गोडवा तोच. तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो, मॅडम. सुटा भाग मागवला आहे, निघाला आहे, वाटेत आहे. ताकास तूर म्हणून कुणी लागू देत नव्हते. एकदा तर तिने फोन मशीनच्या दाराशी नेऊन धरला आणि विचारले, येतोय का वास? पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, नोंद घेते, मॅडम.

सासऱ्यांना त्यातही गंमत सुचायची. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता, शब्द हाती लागला की ते तो सोडत नसत. “भिजत घोंगडं, भिजत घोंगडं, असं नुसतं ऐकून होतो,” ते म्हणाले. “आता घरातच आलंय.”

महिना उलटला तशी तिने फोन करून नव्या मशीनची मागणी केली. पलीकडच्या आवाजाने तितक्याच गोडीने सांगितले की तक्रार जुनी नाहीच, परवाच नोंदवलेली आहे. आधीच्या सगळ्या तक्रारींचे निवारण झाले आहे. प्रत्येक वेळी ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन काम झाल्याचे कळवले आहे.

तिने फोन ठेवला. सासरे खिडकीशी पेपर वाचत होते. दिवसभर घरी तेच असत, म्हणून कंपनीकडे नंबरही त्यांचाच दिलेला होता.

“बाबा, मेकॅनिक आला की त्याला मोबाइलवरचा काही आकडा सांगता का तुम्ही?”

“सांगतो की. त्याशिवाय त्याची हजेरी लागत नाही म्हणे.” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “का गं?”

“सहज,” ती म्हणाली. खरे सांगितले असते तर ते खंतावले असते. मेकॅनिकचे नाव त्यांनी ‘पाहुणा’ ठेवले होते, कारण तो यायचा, मागचे झाकण उघडायचा, भाग आलेला नाही असे सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. चहा सासरे स्वतः करायचे. ती कामावरून आली की ओट्यावर दोन कप उपडे घातलेले दिसत.

पुढच्या खेपेला तिने मुद्दाम रजा घेतली. पाहुणा चाळिशीचा, कानशिलावर पिकलेला, हलक्या पावलांचा माणूस होता. वास आल्यासारखे त्याने दाखवलेही नाही. त्याने झाकण उघडले तेव्हा तिने विचारले,

“दार उघडलेलं नाही, पाणी आहे तसं आहे, आणि तुम्ही काम झालं म्हणून कळवता?”

त्याने पेचकस फडक्याने पुसला. “भाग देतच नाहीत, ताई. आणि काम अपुरं दाखवलं, तर त्या खेपेचं मला काही मिळत नाही. पेट्रोलसुद्धा नाही.”

“मग आम्ही काय करायचं?”

“पुन्हा तक्रार नोंदवायची,” तो म्हणाला. “सगळे तेच करतात.”

त्याच्या आवाजात लाज नव्हती, उर्मटपणाही नव्हता. पाऊस पडेल म्हणावे तसे तो बोलला होता. सासऱ्यांनी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि त्याने एक उचलले. तिला त्या बिस्किटाची किळस आली, ते कुरतडणाऱ्या दातांची आली, आणि कपात साखर ढवळणाऱ्या सासऱ्यांच्या हाताचीही क्षणभर आली. ती उठून आत गेली.

त्याच आठवड्यात तिने ग्राहक न्यायालयात अर्ज दिला. कंपनीला नोटीस गेली आणि इतके दिवस वाटेत असलेल्या भागापेक्षा लवकर एका बड्या साहेबांचा फोन आला. नवे मशीन उद्याच्या उद्या येईल, ते म्हणाले. फक्त एक निवेदन हवे. मेकॅनिकने घरातल्या वृद्ध माणसाला फसवून ओटीपी घेतले, कंपनीला याची कल्पना नव्हती, एवढेच.

“आणि त्याचं काय होईल?” तिने विचारले.

“ते आमचं अंतर्गत आहे, मॅडम. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?”

हा सूर तिच्या ओळखीचा होता. दवाखान्यात वरच्या मजल्यावरून औषध उशिरा सुटायचे, खाली पेशंट दगावायचा, आणि चौकशी झाली की आयाबाईचे नाव निघायचे. त्या चौकशीच्या खोलीतही असेच बोलत, हळू आणि प्रेमाने. भाग का दिला नाहीत ते आधी तुम्ही लिहून द्या, मग मी सही करते, असे तिने सांगितले. साहेबांनी आभार मानून फोन ठेवला. मशीन आले नाही.

“त्यानं फसवलंच की आपल्याला,” नवरा म्हणाला. “खोटं थोडंच लिहायचं होतं?”

“खोटं नाही. अर्धं.”

“अर्ध्यावर मशीन मिळत होतं.”

सुटीच्या दिवशी तिने फिटरला बोलावले. नवऱ्याला फोटो काढायला उभे केले, म्हणजे पुढे कुणी काही म्हणायला नको. नळी सुटली तशी काळी धार बादलीत पडली आणि वास जिन्यातून खालपर्यंत गेला. खालच्या मजल्यावर खिडक्या धडाधड मिटल्या. नवरा फोटो काढता काढता गॅलरीत पळाला. तिने हातमोजे चढवले आणि कपडे एकेक करून ओढून काढले. त्यांवर हिरवट केस उगवले होते. कॉलर धरली तर कॉलर हातात आली. कचऱ्याच्या पिशवीला तिने तीन गाठी मारल्या. विमाही त्याच पिशवीतून गेला, हे दोघांनाही कळत होते.

“म्हणजे पाहुण्याला आता यायचं कारण उरलं नाही,” सासरे एवढेच म्हणाले.

सुनावणीचा दिवस उजाडेपर्यंत तिचे हात घरच्या धुण्याने सोलपटून निघाले होते. न्यायालयाची खोली लहान आणि कोंदट होती. बाकांवर तिच्यासारखीच माणसे बसली होती. एकाच्या मांडीवर फुटका मिक्सर होता आणि त्याने तो आजाऱ्यासारखा जपून धरला होता. नवरा आणि सासरे तिच्यासोबत होते. तिच्या अर्जाचा पुकारा झाला. कंपनीच्या वकिलाने साक्षीदार आणला होता, आणि तो आत आला तेव्हा सासरे ओळखीचे हसले. पाहुणाच होता. अंगात कंपनीचा इस्त्रीचा शर्ट. त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही.

त्याने साक्ष पाठ केल्यासारखी दिली. तक्रार आली, तो गेला, मशीन दुरुस्त झाले, ग्राहकाने राजीखुशीने ओटीपी दिला. नंतर त्यांनी बाहेरच्या माणसाकडून ते उघडवले आणि बिघडवले. बाकीच्या नोंदी संगणकाच्या चुकीने झाल्या असाव्यात.

“तुम्ही त्यांच्या घरी एकदाच गेला होतात?” न्यायालयाच्या अध्यक्षबाईंनी विचारले.

“एकदाच.”

तिच्या जिभेखाली पाणी सुटले, उलटीच्या आधी सुटते तसे. या माणसासाठी तिने मिळत असलेले नवे मशीन नाकारले होते. त्याच्या इस्त्रीच्या घड्या, भांग, खाली घातलेली नजर, सगळे तिला त्या सायीखालच्या कपड्यांसारखे लिबलिबीत वाटले. ‘मी म्हटलं होतं’ एवढे नवरा म्हणाला असता तर बरे झाले असते.

ओटीपी ज्यांच्या फोनवर आले त्या गृहस्थांना काही सांगायचे आहे का, असे अध्यक्षबाईंनी विचारले. सासरे उठू लागले. बराच वेळ बसून पाय आखडला होता. ते अर्धवट उठले आणि लटपटले. शिपाई पुढे धावला आणि त्याने त्यांचा दंड धरून वर ओढायला सुरुवात केली.

“तसं नका ओढू,” साक्षीदार म्हणाला.

तो जागा सोडून केव्हा आला, ते कुणाला कळले नाही. त्याने शिपायाला बाजूला केले आणि सासऱ्यांच्या पुढ्यात एक खुर्ची पाठ वळवून ठेवली. “डाव्या पायावर भार नको, आजोबा. दोन्ही हात इथं. हां. आता म्हणा.”

“एक, दोन, तीन,” सासरे म्हणाले आणि उभे राहिले.

“गोळ्या बदलल्या का डॉक्टरांनी? त्या पिवळ्या सोसत नव्हत्या तुम्हाला.”

“बदलल्या रे. आता झोप लागते.”

मिक्सरवाल्याने मान वर केली. टाइप करणाऱ्या बाईची बोटे थांबली. वकिलाने साक्षीदाराला दबक्या आवाजात जागेवर जायला सांगितले, पण त्याचा हात सासऱ्यांच्या कोपराखाली तसाच होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून समोरच्या कागदांवर ठेवला.

“एकदाच गेला होतात, म्हणालात ना?”

तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. माणूस कुठे दुखतेय ते लपवत असला, तरी ती चेहऱ्यावरून ओळखायची. त्यावरच तिची नोकरी चालली होती. पण हे त्याच्याकडून निसटले की त्याने निसटू दिले, ते तिला त्या चेहऱ्यावर वाचता आले नाही.

“आधी आजोबांना बोलू द्या,” तो म्हणाला.

तिच्या तोंडातली आंबट चव गेली नव्हती. तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ती खुर्ची त्याच्यासाठी मोकळी केली.